गुरुवारची पँट

गुरुवारी सकाळी आमच्या घरातून दोन वस्तू गायब व्हायच्या. एक कमोडची खुर्ची आणि दुसरी बाथरूमच्या दाराच्या कडीला बांधलेली जाड दोरी. खुर्ची आई गॅलरीत कूलरच्या मागे सरकवायची आणि तिच्यावर जुनी चादर टाकायची. दोरी सोडून पिठाच्या डब्यामागे. मग फरशी पुसायची, सोफ्याची कव्हरं ओढून सरळ करायची आणि उपम्याचा रवा भाजायला घ्यायची. पप्पा दाढी करून, इस्त्रीची पँट घालून, हॉलमधल्या लाकडी खुर्चीत ताठ बसायचे. अकरा वाजता फिजिओथेरपिस्ट मॅडम यायच्या.

घरात पप्पांचं काय अडतं ते बघायला त्या दोन जिने चढून यायच्या आणि जे अडत होतं तेच आम्ही आधी लपवून ठेवायचो. यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही. बाहेरचं माणूस येणार म्हटल्यावर घर आवरायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. पप्पा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात कटिंग मास्टर होते. त्याच्या आधी बरीच वर्षं शिंपी, माप घेऊन शिवणारे. शुगर जुनीच. मागच्या वर्षी चप्पल लागून उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. दुखत नव्हती म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता, आणि शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. "गुडघा वाचला हे नशीब समजा," डॉक्टर म्हणाले होते. गुडघा असला की माणूस नकली पायावर बऱ्यापैकी चालतो, तो गेला की सगळंच अवघड. "गुडघा वाचला," हे आई पुढे कितीतरी दिवस एकेका नातेवाइकाला फोनवर सांगत होती. ऐकणारे आधी गप्प व्हायचे आणि मग म्हणायचे, हो, हो, ते एक बरं झालं.

अंबरनाथच्या एका संस्थेनं पप्पांना पाय बनवून दिला. फुकट. त्यांच्याच मॅडम घरी येऊन त्यावर चालायला शिकवायच्या, दर गुरुवारी, एकूण दहा वेळा. दहाव्या वेळी एक फॉर्म भरायचा आणि केस बंद.

मी घरूनच काम करते. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं देते. बोलण्यापेक्षा टाइप करणं मला सोपं जातं, शाळेपासूनच. शाळा इंग्लिश मीडियमची, घरी मराठी, खाली दुकानात हिंदी, आणि मी तिन्ही भाषांत गप्प. त्यामुळे गुरुवारी मी माझा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि बघायचे. मॅडम माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. स्कूटीवरून यायच्या, पाठीवर मोठी सॅक. आल्या की आधी हात धुवायच्या, मग पाणी मागायच्या.

"काय काका, कसं चाललंय?"

"एकदम मस्त, मॅडम."

"दुखतं का कुठे?"

"दुखायला पाय राहिलाय कुठे?"

त्या हसायच्या. आपला विनोद दर आठवड्याला चालतो याचा पप्पांना आनंद व्हायचा.

"बाथरूमला कसे जाता?"

"जातो की. चालत."

"सगळं स्वतःचं स्वतः करतात हो," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "मला हात लावू देत नाहीत."

मग पप्पा हॉलमध्ये पाच-सहा फेऱ्या मारून दाखवायचे. मॅडम मागून बघायच्या, "टाच आधी टेकवा," म्हणायच्या, खांदे सरळ करायच्या. आणि मग उपमा. आई त्यांना खाल्ल्याशिवाय सोडायची नाही. "घाईत असता तुम्ही, घरी जेवता कधी?" मॅडम नको नको म्हणत खायच्या, घड्याळ बघायच्या, आणि पुढच्या पेशंटकडे निघायच्या.

त्या बिल्डिंगच्या बाहेर पडल्या की पप्पा पाय काढायचे, पँट काढून हाफ पँट चढवायचे आणि फरशीवर बसून हातांनी सरकत बाथरूमकडे जायचे. बाथरूमला वीतभर उंच पायरी आहे. ती नकली पायानं चढायला त्यांना भीती वाटायची. म्हणून दोरी. तिला धरून ते स्वतःला वर ओढून घ्यायचे. आणि म्हणूनच खुर्ची.

मोजे धुवायचं काम माझं होतं. नकली पाय चढवायच्या आधी उरलेल्या पायाला जाड सुती मोजे घालावे लागतात. ते रोज हातानं धुवायचे असं मॅडमनी सांगितलं होतं. नवव्या गुरुवारनंतरच्या मंगळवारी एका मोज्यावर मला रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला. मोजा उलटा केला तर आत निळी लव चिकटलेली. मी जाऊन नकली पाय उचलला आणि आत हात घातला. उरलेला पाय ज्या पोकळ साच्यात बसतो, त्याच्या मागच्या बाजूला जीन्सच्या कापडाच्या पट्ट्या होत्या. चार पदरी, कडांना बारीक टाके घातलेल्या. इतकं सुबक काम की ते कोणाचं हे विचारायची गरज नव्हती.

"पप्पा, हे काय?"

"पॅडिंग. जरा लूज झालाय."

"मॅडमना सांगितलं?"

"काय सांगायचं? फुकटचा पाय आणि वर तक्रार?"

आई कपडे वाळत घालत होती. तिला फक्त पाय लूज झाल्याचं ऐकू गेलं असावं. "धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत," ती गॅलरीतून म्हणाली.

मी मोजा पुढे केला आणि आवाज खाली आणला. "रक्त आहे."

पप्पांनी मोज्याकडे बघितलं नाही. "खरचटलंय. दुखत पण नाही."

अंगठाही दुखत नव्हता. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"मॅडमना कळलं तर त्या पाय काढून ठेवायला लावतील," ते म्हणाले. "महिना-दोन महिने. कारखान्यात सेठला मी एक तारखेपासून येतो म्हणून सांगितलंय. केस एकदा बंद होऊ दे, मग मी बघतो डॉक्टरकडे. आईला बोलू नको."

सेठचे फोन मी ऐकले होते. "मास्टर, टेबल खाली रखा है तुम्हारे लिए. लेकिन कितने दिन?" त्या फोननंतर पप्पा हॉलमध्ये जास्त फेऱ्या मारायचे. एक तारखेला दहा दिवस होते.

मी तो मोजा धुतला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला. का ठेवला, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोन दिवस मी लोकांच्या हरवलेल्या पार्सलांची चौकशी करत राहिले आणि मध्येच उठून, पप्पा झोपलेत का बघून, त्यांच्या गुडघ्याकडे बघून यायचे.

दहावा गुरुवार. खुर्ची गॅलरीत, दोरी डब्यामागे, पप्पा पँटमध्ये. सकाळीच मी ती पिशवी कुर्त्याच्या खिशात टाकली होती. चालून झाल्यावर मॅडमनी सॅकमधून फॉर्म काढला आणि तो इंग्लिशमध्ये असल्यामुळे माझ्याकडे दिला. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. सेवा वेळेवर मिळाली का. नीट समजावून सांगितलं का. मी एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवायला लागले.

"वाचतेस काय," पप्पा म्हणाले. "सगळीकडे हसरा कर."

"काका, असं नाही," मॅडम म्हणाल्या. "खरं काय ते लिहा."

"खरंच आहे ते." मग माझ्याकडे वाकून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, "बिचारीच्या नोकरीचा प्रश्न असतो गं."

पप्पांना वाटत होतं तो फॉर्म म्हणजे मॅडमची गुणपत्रिका आहे. कमी मार्क पडले तर त्यांना ओरडा बसेल. आईलाही तसंच वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं. मी रोज काम संपताना लोकांकडून असेच चेहरे आणि तारे मागते. ज्यानं पाच तारे दिले त्याचं चॅट पुन्हा कोणी उघडून बघत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. 'पाय व्यवस्थित बसतो का' या प्रश्नापुढे मी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. मीच केली.

"एकदा शेवटचं बघू का, काका? पाय काढून?"

"मगाशीच बघितला मी. एकदम साफ. आता कुठे पँट वर करू, इस्त्री मोडेल."

सगळे हसले. मॅडमनी घड्याळ बघितलं. गेले दोन गुरुवारही त्यांनी असंच विचारलं होतं, पप्पांनी असंच टाळलं होतं. त्यांनी उपमा संपवला, आईच्या पाया पडल्यासारखं केलं, फॉर्म सॅकमध्ये टाकला.

"मॅडमना खालपर्यंत पोचवून ये गं," आई म्हणाली.

पहिल्या मजल्यापर्यंत मी काहीच बोलले नाही. त्या माझ्या कामाबद्दल काहीतरी विचारत होत्या, मी मान हलवत होते. मग मला खालचं गेट दिसलं आणि त्याच्या बाहेर त्यांची स्कूटी. मी खिशातून पिशवी काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांना बहुतेक आईनं बांधून दिलेला खाऊ वाटला, कारण त्या "अगं, कशाला" म्हणाल्या. मग उघडून बघितलं.

"कधीपासून?"

"मंगळवारी दिसलं. आधीचं माहीत नाही."

"मग वर का नाही बोललीस?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. सॅक खांद्यावर चढवून दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही निघून पाच मिनिटंही झाली नसतील, पण घर गुरुवारचं राहिलं नव्हतं. नकली पाय सोफ्यावर आडवा पडलेला, पँट त्याच्यावर. पप्पा हाफ पँटमध्ये फरशीवर, सरकत बाथरूमच्या निम्म्या वाटेवर. आणि आई गॅलरीतून कमोडची खुर्ची ओढत आणत होती, चादर तिच्यामागे लोळत होती.

दोघंही जिथल्या तिथे थांबले. आईनं आधी पदर सारखा केला.

"अगं बाई. काही राहिलं का तुमचं?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "बघायचं राहिलं."

त्या पप्पांच्या शेजारी फरशीवर बसल्या. पप्पांनी पाय मागे घेतला नाही. नडगीच्या टोकाशी, हाडावर, कातडी सोलवटली होती. एक जखम ओली, तिच्या बाजूला दुसरी, काळपट. आईनं ती पहिल्यांदाच बघितली. ती खुर्चीचा हात धरून खाली बसली आणि एकच शब्द बोलली, "गुडघा."

"गुडघ्यापर्यंत गेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण असंच अजून आठ-पंधरा दिवस चालला असतात, तर मला सांगता आलं नसतं."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलंस."

मी दाराशीच उभी होते. चपला काढायच्या राहिल्या होत्या.

मॅडमनी सोफ्यावरचा पाय घेतला, आतल्या पट्ट्या बाहेर काढल्या. मला वाटलं आता त्या चिडतील. त्यांनी पट्टी उजेडात धरून उलटसुलट केली.

"टाके छान आहेत. पण मागून दाबल्यामुळे हाड पुढे घासत गेलं." मग त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही कपडे शिवायचात ना? ट्रायलला गिऱ्हाईक आलं, कंबर आवळतेय, तरी ते म्हणतं एकदम मस्त. मग?"

"गिऱ्हाईक कधीच बोलत नाही, मॅडम." हे उत्तर पप्पांना विचार न करता येत होतं. "माप देताना पोट आत ओढतं. ट्रायलला श्वास धरून उभं राहतं. त्याला वाटतं, पोट सुटलंय ते मास्टरला दिसू नये. आपण त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. कंबरेत दोन बोटं घालून बघायचं."

"आणि न बघता पँट दिली तर चूक कोणाची?"

"मास्टरची," पप्पा म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

"हो ना. मी तीन गुरुवार बोटं घातली नाहीत. इस्त्री बघून गेले."

पप्पांनी फरशीच्या सांध्यावर बोट फिरवलं. "अर्धी मास्टरची," ते म्हणाले. "अर्धी गिऱ्हाइकाची."

मॅडमनी जखम साफ करून पट्टी बांधली. उद्याच हॉस्पिटलात दाखवायचं, भरेपर्यंत पाय चढवायचा नाही, हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आईकडे बघून. नवीन साचा बनवावा लागेल, म्हणाल्या. पाय काढल्यानंतर पहिलं वर्षभर उरलेला भाग आकसत जातो, साचा लूज होणारच. त्यात तक्रार करण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही, फक्त सांगायचं असतं. "कुठे लूज वाटतो, कुठे दाबतो, मला नीट सांगा. मी त्यांना लिहून देते."

"लिहून काय कळणार?" पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "माझा खडू दे."

कपड्यावर खुणा करायचा चपटा निळा खडू शिलाई मशीनच्या खणात होता. पप्पांनी नकली पाय मांडीवर आडवा घेतला आणि त्याच्यावर खुणा करायला लागले. दाबतं तिथे फुली. लूज तिथे आडव्या रेघा. एक बाण, आणि त्याच्यापुढे अर्धा इंच. "इथे आत घ्या म्हणावं. इथे सोडायला पाहिजे. आणि ही मागची कड गुडघा वाकवला की चावते, तिला गोलाई द्या." दहा गुरुवारांत ते इतकं बोलले नव्हते. मॅडम मोबाईलवर फोटो काढत होत्या. मग उठून त्यांनी बाथरूमची पायरी बघितली, वर कसे चढता ते विचारलं. आईनं पिठाच्या डब्यामागून दोरी काढून दिली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

जाताना मॅडमनी तो भरलेला फॉर्म सॅकमधून काढला, आडवा फाडला आणि कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. "घाई नाही याची," एवढंच म्हणाल्या.

पप्पा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. "तिला सांग पंखा बंद करायला," असं आईच्या मार्फत. मी पंखा बंद करायचे. पाचव्या दिवशी त्यांनी सेठना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. "सेठ, टेबल किसी और को दे दो," ते म्हणाले. पलीकडचा आवाज मोठा होता, इथपर्यंत ऐकू आला. "टेबल तो दे दूंगा मास्टर. तुम्हारी कैंची इधर पड़ी है, उसका क्या करूं?" पप्पांनी काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "चहा टाकतेस का?" मलाच म्हणाले. आई बाजारात गेली होती, म्हणून असेल.

जखम भरायला दोन महिने लागले. टेबल दुसऱ्या मास्टरला मिळालं. मी ते काही दिवस मनात उगाळत राहिले. हॉस्पिटलात ड्रेसिंग करताना डॉक्टर गुडघा चारही बाजूंनी दाबून बघायचे आणि प्रत्येक वेळी आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. "ठीक आहे," ते म्हणायचे. तेवढं ऐकायला ती रोज यायची.

नवीन साच्यासाठी आम्ही अंबरनाथला गेलो तेव्हा जुना पाय मी मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. आईनं तो घरात कोणाला पुसू दिला नव्हता. पाय बनवणाऱ्या काकांनी तो हातात घेतला, खडूच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"ये मार्किंग किसने किया?"

"मैंने."

"टेलर हो?"

"कटिंग मास्टर."

"मर गए," ते म्हणाले. "फिर तो आज मेरी परीक्षा है."

ओल्या प्लॅस्टरची पट्टी पायाभोवती गुंडाळताना ते मध्येच थांबले. "मास्टर, ढीला छोड़ो. पूरा टाइट करके बैठे हो." पप्पांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघून हसले. "पोट आत ओढलं होतं," ते म्हणाले.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मॅडम आल्या तेव्हा पप्पा हाफ पँटमध्ये होते. बाथरूमच्या पायरीपुढे आता निम्म्या उंचीची लाकडी पायरी आहे आणि भिंतीला लोखंडी दांडा. दोरी गेली. खुर्ची जागेवरच होती. आईला मात्र ती तशी उघडी बघवली नाही. तिनं सोफ्याच्या जुन्या कव्हरचं तिला झाकण शिवलं होतं, झालर लावून. मॅडम झालर बघून हात धुवायला गेल्या.

पप्पा दोन फेऱ्या चालले. मी कोरा फॉर्म घेऊन बसले होते आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होते. वेळेवर आल्या का याला पप्पांनी चौथा चेहरा दिला, कारण त्या एकदा उशिरा आल्या होत्या. मॅडमनी मान्य केलं. मग मी वाचलं, "पाय व्यवस्थित बसतो का?"

"थांब," पप्पा म्हणाले आणि लाकडी खुर्चीत बसून पाय पुढे केला. "आधी त्यांना दोन बोटं घालून बघू दे."

मॅडम फरशीवर बसल्या. मी पेन हातात धरून थांबले. टीपॉयवर उपमा निवत होता आणि आई पहिल्यांदाच कोणाला खा म्हणाली नाही.